भुताची फिर्याद

शनिवारवाड्यात रात्री ‘काका, मला वाचवा’ अशी हाक ऐकू येते, हे पुण्यात वाढणाऱ्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. कधी ऐकू येते? कुणी पौर्णिमा सांगतं, कुणी अमावास्या. म्हणजे साक्षीदारांचं तिथीवरच एकमत नाही, आणि फरक थेट पंधरवड्याचा. त्यात खून झाला भर दुपारी आणि भूत येतं रात्री. पोलिसांच्या साक्षीत इतक्या विसंगती निघाल्या असत्या तर बचावाच्या वकिलाने हवालदाराला पिंजऱ्यात घाम फोडला असता. भुताची उलटतपासणी मात्र कुणी घेत नाही.

शेजारची दोन मुलं, थोरला नववीत आणि धाकटी सातवीत, यांना घेऊन एकदा वाडा बघायला गेलो होतो. जोती झाली, कारंजी झाली, बुरुजावरून रहदारी बघून झाली, आणि व्हायचं तेच झालं, भुताचा विषय निघाला. धाकटी म्हणाली, “पण काका, तो काकांनाच का हाक मारतोय? त्यांनीच मारलं ना त्याला?” थोरला तिच्यावर डाफरला, “अगं, त्याला माहीतच नव्हतं!”

मी गप्प झालो. इतकी वर्षं ही हाक ऐकतोय, म्हणजे ऐकू येते असं ऐकतोय, आणि इतकी उघड गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. शनिवारवाड्यातल्या भुताला आपला खुनी कोण, हे अजून कळलेलं नाही.

बारा ते सोळा वयाच्या मुलांसाठी भूत आणि खून दोन्ही असलेली रहस्यकथा लिहावी का, आणि लिहायची तर कशी, यावर मला जे म्हणायचं आहे ते त्या भावंडांच्या दोन वाक्यांत आलंय. अशी कथा जरूर लिहावी. तिच्यात भूत फिर्यादी असावं, फार तर साक्षीदार असावं. निकाल देण्याचं आणि फाशी देण्याचं काम त्याच्याकडे कधीही देऊ नये.

वाड्यातल्या खुनाकडे या नजरेने पुन्हा बघा. मरणारा मुलगा, पेशवा नारायणराव, अठरा वर्षांचा. थोरला भाऊ माधवराव नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊरला वारला आणि पेशवाई याच्या अंगावर पडली. पुरतं वर्षही झालं नव्हतं. ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस. सकाळी तो पर्वतीला जाऊन आला होता. दग्याची कुणकुण त्याला लागली होती, गारद्यांवर लक्ष ठेवा असं त्याने हरिपंत फडक्यांना सांगितलंही होतं, आणि हरिपंत जेवणाच्या आमंत्रणाला निघून गेले. (कुमारांच्या रहस्यकथेत मोठी माणसं नेमक्या वेळी जेवायला जातात, अशी टीका आम्ही करत असतो. इतिहासाने ती चूक आधीच केलेली आहे.) दुपारी गारदी थकलेला पगार मागत वाड्यात घुसले. चुलता रघुनाथराव त्याच वाड्यात नजरकैदेत होता. पोरगा त्याच्याकडे धावला, त्याला मिठी मारली, आणि तिथेच त्याला तोडलं.

पुढे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली आणि तिचा रोख थेट नव्या पेशव्यावर, म्हणजे रघुनाथरावावर गेला. त्याच्या बचावाची जी हकीकत चालत आली तीत एक कागद आहे. आपण नारायणरावाला ‘धरावे’ असं लिहिलं होतं, ते कुणीतरी ‘मारावे’ केलं. कुणीतरी म्हणजे त्याच्या बायकोने, आनंदीबाईने, असं लोकांनी ठरवून टाकलं. ‘ध चा मा’ हा वाक्प्रचार तेव्हापासून मराठीच्या बोकांडी बसलाय. कागद खरोखर होता का, होता तर बदल कुणाच्या हातचा, यावर इतिहासाचे अभ्यासक भांडत आले आहेत. बाईच्या माथी मारणं सगळ्यांनाच सोयीचं होतं, एवढं मात्र मला दिसतं.

आता यातलं आपण मुलांना काय देतो? हाक देतो. ‘ध चा मा’ देतो. रामशास्त्र्यांचा बाणेदारपणा देतो, खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’तून १९०९ साली तो रंगभूमीवर आला, ‘प्रभात’च्या ‘रामशास्त्री’तून १९४४ साली पडद्यावर. देहान्त प्रायश्चित्त तोंडावर सुनावणारा न्यायाधीश सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याआधी त्याने कुणाकुणाला बोलावलं असेल, काय विचारलं असेल, कुणाचं बोलणं कुणाच्या बोलण्याशी ताडून बघितलं असेल, हा प्रश्न वर्गात कुणी टाकत नाही. खुनाची गोष्ट शिल्लक राहिली आणि तपासाची गोष्ट भुताने गिळली.

भुताला रहस्यकथेत मज्जाव करणारी मंडळी इथे लगेच म्हणतील, बघा, आम्ही तेच सांगत होतो. त्यांचा पूर्वज मोठा गमतीदार आहे. रोनाल्ड नॉक्स हा इंग्लंडातला कॅथलिक धर्मगुरू, आणि हेरकथाही लिहायचा. १९२९ मध्ये त्याने हेरकथेचे दहा नियम घालून दिले आणि त्यात अलौकिक शक्तींना साफ दार बंद केलं. ज्याचा रोजचा व्यवहारच अलौकिकाशी, त्याने हे करावं! पण त्याचं म्हणणं रास्त होतं. वाचकाला सगळे दुवे दिले पाहिजेत, डाव सरळ खेळला पाहिजे. शेवटच्या पानावर भूत येऊन उत्तर सांगणार असेल तर आधीची दोनशे पानं वाचकाने डोकं कशाला शिणवायचं?

मात्र हा नियम उत्तरापुरता आहे. प्रश्न भुताने घातला तर खेळ कुठेच बिघडत नाही. आपल्याकडे हे नॉक्सच्या कितीतरी शतकं आधी ठाऊक होतं.

वेताळाची गोष्ट आपण लहान मुलांच्या फळीवर ठेवून दिली ही मोठी चूक झाली. ती चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांची गोष्ट आहे. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त, म्हणजे अकराव्या शतकात, तिचा राजा गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा आहे, आपल्या पैठणचा. क्षांतिशील नावाचा एक भिक्षू त्याला स्मशानात बोलावतो आणि झाडावर लोंबणारं प्रेत आणून दे म्हणतो. प्रेतात वेताळ शिरलेला. खांद्यावरून जाताना तो गोष्ट सांगतो आणि शेवटी विचारतो, यात दोष कुणाचा? हक्क कुणाचा? उत्तर माहीत असून बोलला नाहीस तर डोक्याची शकलं होतील. भुताच्या हाती एवढी ताकद असूनही ते स्वतः निवाडा करत नाही. निवाडा माणसाच्या तोंडून वदवतं, आणि तोही कारणांसकट.

शेवट तर निखळ खूनरहस्याचा आहे. ज्या साधूच्या शब्दावर राजा रात्रभर राबला, तोच राजाचा बळी देणार आहे, हे वेताळ त्याला सांगतो. साधू म्हणतो, साष्टांग नमस्कार घाल. राजा म्हणतो, मी राजा, मला तो येत नाही, तू करून दाखव. साधू वाकतो आणि राजा तलवार चालवतो. नरबळीचा कट माणसाचा, आणि त्याची खबर देणारं भूत. आपल्या परंपरेने आरोपीच्या पिंजऱ्यात साधूला उभं केलं आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात वेताळाला.

कथेपुरतं हे ठीक, खऱ्या आयुष्यात काय, असं कुणी विचारलं तर १८९७ सालचा एक खटला सांगतो. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्यात ग्रीनब्रायर नावाचा परगणा आहे. तिथे झोना हीस्टर शू ही तरुण बाई जानेवारीत घरात मरून पडलेली आढळली. लग्नाला काही महिनेच झाले होते. नवरा लोहार. डॉक्टर येईपर्यंत त्याने प्रेताला स्वतःच्या हातांनी कपडे घातले, उंच कॉलरचा पोशाख, आणि मानेजवळ डॉक्टरला फारसं तपासू दिलं नाही. नैसर्गिक मृत्यू म्हणून नोंद झाली, दफन झालं. काही आठवड्यांनी तिची आई सरकारी वकिलाकडे गेली. म्हणाली, लेक चार रात्री माझ्याकडे आली होती, नवऱ्याने मान मोडली म्हणून सांगून गेली.

वकिलाने तिला हाकलून दिलं नाही. भुतावर विश्वास ठेवून वॉरंटही काढलं नाही. त्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी केली, डॉक्टरला गाठलं, आणि डॉक्टरने कबूल केलं की तपासणी नीट झाली नव्हती. फेब्रुवारीत प्रेत उकरलं. मान मोडलेली होती, श्वासनलिका चेचलेली होती. खटला उभा राहिला तेव्हा सरकारपक्षाने भुताचं नावही काढलं नाही. ते काढलं आरोपीच्या वकिलाने, आई भ्रमिष्ट ठरावी म्हणून. ती उलटतपासणीत जराही डगमगली नाही आणि डाव त्याच्याच अंगावर आला. जुलैमध्ये ज्यूरीने नवऱ्याला दोषी ठरवलं. जन्मठेप झाली आणि तीन वर्षांत तो तुरुंगातच मेला.

भुताच्या साक्षीने खुनी पकडला गेला, असं त्या भागात आजही अभिमानाने सांगतात. खटल्याचा क्रम बघितला तर भुताने केलं ते इतकंच, बंद झालेली फाईल उघडायला लावली. दोषी ठरवलं ते प्रेताच्या मोडक्या मानेने. आईला लेक खरंच दिसली होती, की जावयाच्या वागण्यावरून जे तिच्या मनाने हेरलं होतं ते स्वप्नाच्या रूपाने वर आलं? पंधरा वर्षांच्या वाचकाला हा प्रश्न खुशाल मोकळा ठेवून द्यावा. तो त्याच्याशी आठवडाभर झगडेल. मान कुणी मोडली, हा प्रश्न मात्र मोकळा सोडायचा नाही.

मेलेल्याला बोलू द्यायची सोय आपल्या कायद्यातही आहेच. १८७२ च्या पुरावा कायद्याचं ३२ वं कलम मृत्युपूर्व जबानीला जागा देत होतं. आता नव्या साक्ष अधिनियमात ते २६ व्या कलमात गेलं. मरणाच्या दारात उभा असलेला माणूस खोटं बोलणार नाही, अशी त्यामागची समजूत. जपानी लेखक अकुतागावाने १९२२ मध्ये एका कथेत या समजुतीलाच चूड लावली. रानात सामुराई मरून पडलाय, आणि एका माध्यमाच्या तोंडून खुद्द मेलेला साक्ष देतो. तीही बाकीच्यांच्या साक्षीशी जुळत नाही! कुरोसावाच्या ‘राशोमोन’मुळे ही कथा जगभर गेली. मेल्यावरही माणूस आपली अब्रू सांभाळूनच बोलेल, हा विचार मला भुतापेक्षा जास्त भीतिदायक वाटतो. आपल्या कुमारकथांतली भुतं मात्र हरिश्चंद्राच्या वंशातली. बोलतील ते ब्रह्मवाक्य. एखादं खोटारडं भूत कुणीतरी लिहा.

माझे काही विवेकवादी स्नेही या मुद्द्यावर माझ्यावर रागावतात. त्यांचं म्हणणं, महाराष्ट्रात भूत ही करमणूक कधीच नव्हती, त्यामुळे मुलांच्या पुस्तकात ते नकोच. त्यांच्या रागाला रक्ताचा आधार आहे, म्हणून तो हसण्यावारी नेता येत नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मराठवाड्यात मानवत गावाच्या परिसरात एकामागून एक लहान मुलींचे आणि बायकांचे मुडदे सापडू लागले. तपासात पुढे आलं ते असं, की गुप्तधन मिळावं म्हणून पिंपळाखालच्या मुंजाला रक्त चढवलं जात होतं. मुंबईच्या गुन्हे शाखेतून रमाकांत कुलकर्णी यांना तिकडे पाठवावं लागलं.

मुंजा म्हणजे कोण? मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत मेला तो मुलगा. आपल्या भुताखेतांतला हाच तेवढा कुमारवयातला. बाळंतपणात गेलेल्या बाईची अळवंतीण होते, पाण्यात ओढणारा तो गिऱ्हा, अशी आपल्याकडे अवेळी मरणाची एक खतावणीच लोकांनी मांडून ठेवली आहे. त्या खतावणीतल्या एका अर्धवट राहिलेल्या पोराच्या नावावर मोठ्या माणसांनी जिवंत पोरी मारल्या. मुंजाने कुणाच्या अंगाला बोटही लावलं नव्हतं.

माझं आणि स्नेह्यांचं इथेच फाटतं. मानवतच्या गोष्टीतून मी जे घेतो ते असं की ज्या कथेत भूत स्वतः गळा दाबतं, ती कथा मानवतच्या मांत्रिकाच्या बाजूने साक्ष देते. तिच्यात माणूस कायमचा सुटतो. भानामतीच्या नावाखाली बायकांना छळणारं गाव हीच कथा सांगत असतं, की आम्ही काही केलं नाही, बाहेरचं होतं. कॉनन डॉयलच्या ‘बास्करव्हिल’मधल्या खुन्यालाही नेमकं हेच हवं होतं. घराण्याला शाप आहे, कुत्रा नरकातला आहे, असं सगळ्यांनी मानलं की त्याचं काम झालं. भुताला खुनी करणारा लेखक नकळत खुन्याचा वकील होतो. उलट ज्या कथेत भूत येऊन म्हणतं, माझं काय झालं ते शोधा, ती मुलांना नेमकं विचारायला शिकवते. अंधश्रद्धेला विचारण्याची भीती वाटते, भुताची नव्हे.

अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ रोजी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर झाला. शनिवारवाड्यापासून चालत दहा-पंधरा मिनिटं. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी अठरा वर्षं घासली, त्याचा वटहुकूम त्यांच्या मृत्यूनंतर चार-पाच दिवसांत निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. खुनाबद्दल दोघांना जन्मठेप व्हायला मे २०२४ उजाडलं. वाड्यावर सहलीला येणारी मुलं जुना खून ऐकून घरी जातात. दाभोलकरांचं नावही त्यांच्या कानावर कुणी घालत नाही.

आणि ही मुलं वाचतात काय? भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीहून सायकलवर निघाला, तो अजून मराठीच्या या वयातला बिनीचा शिलेदार आहे. त्याला भुताची गरज पडली नाही. पलीकडे नारायण धारपांची पुस्तकं, जी मुलांसाठी नव्हती आणि मुलांनीच चादरीखाली वाचली. रत्नाकर मतकरी एका हाताने बालनाट्यं लिहीत होते आणि दुसऱ्या हाताने गूढकथा, तरी त्यांच्या दोन हातांमधली जागा, म्हणजे तेरा ते सोळा, पुष्कळशी रिकामीच राहिली. आज ती जागा मोबाईलने भरली आहे. तिथे भूत फक्त अंगावर येतं, त्याला काही म्हणायचं नसतं.

या वयालाच अशी कथा का हवी, याचं उत्तर घराघरात आहे. आजोबा गेले की सहा वर्षांच्या नातवाला ‘देवाघरी गेले’ सांगून भागतं. तेराव्या वर्षी भागत नाही. मरण खरं आहे, परत न येणारं आहे, आणि कधी कधी त्याला कुणीतरी जबाबदार असतं, हे त्याच सुमारास कळतं. पण विचारायची सोय नसते. गावात एखादी सून विहिरीत सापडली की मोठी माणसं आवाज खाली आणतात, “पाय घसरला” म्हणतात, आणि मुलांना आतल्या खोलीत पाठवतात. पुढे त्याच विहिरीवर बाई दिसू लागते. ती कुणाला दिसते, हे एकदा नीट बघा. पुष्कळदा त्या पोरांनाच, ज्यांना आत पाठवलं होतं. ती बाई म्हणजे घरात न विचारलेला प्रश्न असतो, आणि कुमारांसाठी लिहिणाऱ्याने तो तिच्या तोंडून विचारायला लाजू नये.

मला कुणी शनिवारवाड्यावर अशी कादंबरी लिहायला सांगितली, तर मी हाकेपासून सुरुवात करीन आणि भुताला अजाणच ठेवीन. दोन मुलं, नववीतला आणि सातवीतली. भूत त्यांच्याच आसपासच्या वयाचं. त्याला एवढंच ठाऊक की आपण काकांकडे धावलो, पुढचं काही नाही. मुलं मोडी शिकतील, कारण त्यावाचून ‘ध’ आणि ‘मा’ यांचा निकाल लागणार नाही. मोडीत आधी सबंध ओळ आखायची आणि तिला अक्षरं लटकवत जायचं, हे हाताने करून बघितल्यावर, लिहून झालेला शब्द बदलणं किती सोपं आणि किती अवघड, हे त्यांचं त्यांनाच कळेल. पगार थकल्याची तक्रार खरी होती की निमित्त? नजरकैदेतल्या माणसाचा निरोप बाहेर कुणी नेला? हरिपंत जेवायला गेले, त्या आमंत्रणाची वेळ कुणी ठरवली? याची उत्तरं मुलं शोधतील, चुकतील, पुन्हा शोधतील. आणि सरतेशेवटी, ज्या काकाला मिठी मारली त्याचं नाव त्या अठरा वर्षांच्या पोराला सांगायचं की नाही, हा निर्णय त्या सातवीतल्या मुलीला घ्यावा लागेल. मला तिच्या जागी असायला आवडणार नाही.

एक माणूस या कादंबरीत मी विसरणार नाही. त्या दुपारी नारायणरावाला वाचवायला चाफाजी टिळेकर नावाचा त्याचा नोकर त्याच्या अंगावर पडला आणि त्याच्याबरोबर तोडला गेला. त्याची हाक कुठल्याही तिथीला ऐकू आल्याचं मी अजून कुणाकडून ऐकलेलं नाही.